दुकान उघडण्याआधी तुमची ‘निर्णय-उंची’ लिहून ठेवा



मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागच्या टेबलावर जॉयस्टिक दिसली. विषय होता जीएसटीचा, पण कमेंट सगळ्या जॉयस्टिकवर. "सर, हे पोरांचं का तुमचं?" इथपासून "माकणीत विमान उतरवणार कुठं, धरणात?" इथपर्यंत. तर सांगूनच टाकतो. जॉयस्टिक माझी आहे. दुकानाचं शटर ओढलं, हिशोब लिहिला, जेवण झालं, की साडेनऊ ते साडेदहा मी कॉम्प्युटरवर विमान उतरवायला शिकतो. आकाशात गिरक्या मारण्यात मला रस नाही. ढगात, समोर काहीही दिसत नसताना, फक्त काट्यांवर विश्वास ठेवून विमान धावपट्टीपर्यंत आणायचं, एवढाच माझा नाद आहे.

आता म्हणाल, याचा धंद्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आमच्यासारख्या ट्रेनर लोकांना थोडा अडचणीचा आहे. "हार मानू नका", "टिकून राहा", "शेवटपर्यंत सोडू नका" हे आम्ही तुम्हाला सारखं सांगतो. मीही सांगितलंय, जुने व्हिडिओ काढून बघा. माझं आजचं मत असं आहे की हा सल्ला अर्धा आहे, आणि राहिलेला अर्धा न सांगितल्यामुळे लोक बुडतात.

आधी विमान समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

विमानतळावर इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम नावाची यंत्रणा असते, तिला आयएलएस म्हणतात. यात धावपट्टीवरून विमानाकडे दोन रेडिओ-लहरींचे झोत सोडलेले असतात. एकाचं नाव लोकलायझर. त्याची अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असते आणि तुम्ही मधल्या रेषेच्या डावीकडे आहात की उजवीकडे, हे तो सांगतो. दुसरा ग्लाइड स्लोप. तो सांगतो की तुम्ही ठरलेल्या उताराच्या वर आहात की खाली. यातली युक्ती मला फार आवडली. लोकलायझरच्या झोतात दोन सूर मिसळलेले असतात, एक ९० हर्ट्झचा आणि एक १५० हर्ट्झचा. विमान रेषेच्या डावीकडे गेलं की ९० चा सूर जोरात, उजवीकडे गेलं की १५० चा. दोन्ही सारखे झाले की तुम्ही बरोबर मधोमध. विमानातलं यंत्र एवढीच तुलना करतं आणि काटा हलवतं.

उतार बहुतेक ठिकाणी ३ अंशांचा. म्हणजे दर सागरी मैलाला, आपल्या १.८५ किलोमीटरला, साधारण ३०० फूट खाली यायचं. त्यासाठी वैमानिकांचा एक सोपा हिशोब आहे: वेगाला पाचने गुणा. माझं छोटं सेसना १७२ ताशी ९० नॉटने येत असेल, तर मिनिटाला ४५० फूट खाली यायचं. आपल्या दुकानदारांना आवडेल असा तोंडी हिशोब आहे.

मी शिकतो ते फ्लाइटगिअर नावाच्या सॉफ्टवेअरवर. १९९७ पासून लोक मिळून ते बनवतायत आणि ते पूर्ण फुकट आहे. सरावासाठी मी मुंबईची धावपट्टी २७ निवडली. २७ म्हणजे दिशा २७० अंश, सरळ पश्चिम. तुम्ही विमानाने मुंबईला उतरला असाल, तर खिडकीतून घाटकोपर-कुर्ल्याची पत्र्याची घरं हाताला लागतील इतकी जवळ दिसली असतील, तीच ही वाट. मी मात्र सॉफ्टवेअरमध्ये ढग इतके खाली आणतो की कुर्लाही दिसत नाही.

पहिले दोन महिने माझं विमान दारू प्यायल्यासारखं यायचं. काटा डावीकडे गेला की मी डावीकडे जोरात वळवायचो. काटा मधे यायचा आणि तसाच उजवीकडे निघून जायचा. मग मी उजवीकडे. याला काट्यामागे पळणं म्हणतात आणि नवीन माणूस हमखास करतो. त्यात गंमत अशी की काटा जवळ येताना जास्त तिखट होत जातो. काटा पूर्ण एका कडेला जातो तो अडीच अंशांच्या फरकाला. अँटेनापासून १० सागरी मैलांवर अडीच अंश म्हणजे मधल्या रेषेपासून ८०० मीटर. तेच एका मैलावर फक्त ८० मीटर. लांब असताना जी चूक बोटभर सुधारणेत भागते, तिच्यासाठी जवळ आल्यावर अख्खं विमान मुरगळावं लागतं, आणि तेव्हा तेवढा वेळच नसतो.

दुसरी चूक म्हणजे एकाच काट्याकडे बघत बसणं. लोकलायझर मधे ठेवायच्या नादात वेग कधी घसरला ते कळत नाही. शिकवणारे सांगतात की नजर फिरती ठेवा. मधलं यंत्र बघा, वेग बघा, परत मधलं, उंची बघा, परत मधलं. हे वाचताना मला माझा गल्ला आठवला. हार्डवेअर आणि मोटार-पाइपच्या दुकानात सोयाबीनच्या हंगामात गल्ला भरलेला दिसतो आणि माणूस खूश होतो. त्याच वेळी उधारीची वही फुगत असते आणि मागे गोडाऊनमध्ये न खपणारी फिटिंग पडून असते. फक्त गल्ल्याकडे बघणारा दुकानदार आणि फक्त लोकलायझरकडे बघणारा वैमानिक, दोघांचं पुढे काय होतं ते सारखंच. पण हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते पुढचं आहे.

काट्यांवर येत येत तुम्ही २०० फुटांवर पोचता. साध्या, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या आयएलएसला साधारण हीच शेवटची उंची असते. तिला निर्णय-उंची म्हणतात. इथं मान वर करून समोर बघायचं. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं. दिसले नाहीत तर पूर्ण ताकद लावून परत वर जायचं. "अजून थोडं खाली जाऊन बघू" हा पर्यायच नाही. मिनिटाला ४५० फुटांच्या हिशोबाने २०० फूट म्हणजे जेमतेम २७ सेकंद असतात. तेवढ्यात विचार करत बसायला जागा नसते, म्हणून विचार आधीच करून ठेवलेला असतो.

आणि ज्या कागदावर उतरायची पद्धत छापलेली असते, त्याच कागदावर परत वर जायची पद्धतही छापलेली असते. किती उंचीपर्यंत चढायचं, कुठं वळायचं, कुठं जाऊन थांबायचं, सगळं. वैमानिक खाली यायला सुरुवात करण्याआधी ते मोठ्यानं वाचतो. वर जाणं ही त्याची हार समजली जात नाही. ठरलेल्या कामाचाच तो भाग आहे.

आता आपल्याकडे बघा. दुकानाचं उद्‌घाटन ठरलंय, फ्लेक्स लागलेत, सत्यनारायण आहे, पेढे आहेत. अशा वेळी तुम्ही म्हणालात, "दुकान किती तोट्यात गेलं की बंद करायचं?" तर घरची माणसं काय म्हणतील? "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली." मी हा प्रश्न विचारला नव्हता. माझ्याबरोबर कुणीही विचारला नव्हता.

२०२१ च्या दिवाळीत मी तालुक्याच्या ठिकाणी दुसरं दुकान टाकलं. माकणीचं दुकान चांगलं चाललं होतं. धरण जवळ, निम्न तेरणाचं पाणी, त्यामुळे मोटारी, पाइप, केबल यांना कायम गिऱ्हाईक. वाटलं, हेच तिकडं केलं की झालं. गाळ्याचं भाडं ९,००० रुपये, पोऱ्याचा पगार ८,५००, लाइट-चहापाणी धरून आणखी २,०००. महिन्याला १९,५०० रुपये तर शटर उघडायचेच झाले. आमच्या मालात सरासरी १२ टक्के सुटतात. म्हणजे महिन्याला १,६२,५०० रुपयांची विक्री झाली तर मी शून्यावर. विक्री व्हायची सत्तर हजारांच्या आसपास. महिन्याला अकरा हजार खिशातून जात होते.

हा हिशोब मला तेव्हाही येत होता. बीबीए केलेला माणूस आहे मी, ब्रेक-इव्हन काढता येतो. अडचण गणिताची नव्हतीच. प्रत्येक महिन्याला काही तरी पुढचं दिसायचं. उसाची बिलं निघाली की विक्री वाढेल. उन्हाळ्यात बोअर पडतील तेव्हा मोटारी जातील. पाऊस झाला की पाइप जातील. प्रत्येक वेळी "अजून थोडं खाली जाऊन बघू". सहाव्या महिन्यात थांबलो असतो तर ६६,००० रुपयांवर सुटलो असतो. मी थांबलो चौदाव्या महिन्यात, दीड लाखाच्या पुढं. तिकडची उधारी वेगळीच, ती तर अजून येते आहे. आणि खरं सांगू का, मी ठरवून थांबलोच नाही. माकणीच्या दुकानाचे पैसे तिकडं जात राहिले, इथं होलसेलरचं पेमेंट थकलं आणि त्यानं माल पाठवायचं बंद केलं, म्हणून थांबावं लागलं. याला परत वर जाणं म्हणत नाहीत.

त्यानंतर संध्याकाळी तालुक्याला जायची धावपळ संपली आणि वेळ मोकळा राहिला. तो वेळ सिम्युलेटरने घेतला. निर्णय-उंचीचा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला विमान दिसलं नाही, तो गाळा दिसला.

तुम्ही म्हणाल, विमानवाले लोक शिस्तीचे, त्यांना जमतं. त्यांनाही दरवेळी जमत नाही. ७ ऑगस्ट २०२० ची कोझिकोडची घटना आठवा. लॉकडाऊनमध्ये दुबईहून आपली माणसं परत आणणारं विमान, आत १९० जण, जोराचा पाऊस, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी. कॅप्टन आपल्या महाराष्ट्रातले, हवाई दलात वर्षानुवर्षं काढलेले, अत्यंत अनुभवी. पहिल्या खेपेला ते उतरले नाहीत, नियमाप्रमाणे परत वर गेले. दुसऱ्या खेपेला उलट बाजूने आले, मागून वारा होता, आणि विमान धावपट्टीच्या जवळजवळ निम्म्यावर जाऊन टेकलं. पुढे जागा उरली नाही. २१ माणसं गेली, त्यात दोन्ही वैमानिक. चौकशीच्या अहवालात म्हटलंय की सह-वैमानिकाने परत वर जायला सांगितलं होतं. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, जी मला जास्त लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच पुढचं विमान त्यांना न्यायचं होतं, आणि तिथंच उतरायची ओढ त्यामुळे वाढली होती, असं चौकशी करणाऱ्यांचं मत पडलं.

घरी खुर्चीत बसून त्या माणसाला नावं ठेवायची माझी लायकी नाही. सांगायचं एवढंच की उद्याच्या कामाचं ओझं आजच्या निर्णयावर बसतं, कितीही मोठा माणूस असो. तुमच्यावर उद्या मुद्रा कर्जाचा हप्ता असतो. पाहुण्यांत सांगून झालेलं असतं. म्हणून आकडा आधी लिहायचा, जेव्हा डोकं थंड असतं आणि उद्याचा दिवस अजून लांब असतो.

आकडा कसा लिहायचा? मी प्रशिक्षणात आता कर्जाच्या फाइलीआधी एक कोरा कागद देतो. त्यावर किती रुपये गेल्यावर थांबणार ते लिहायचं. कोणत्या तारखेला बघणार ते लिहायचं. त्या तारखेला समोर काय दिसलं म्हणजे धावपट्टी दिसली असं समजायचं, तेही लिहायचं. "गिऱ्हाईक वाढतंय" असं गुळमुळीत चालणार नाही. "रोजची विक्री ५,००० च्या वर, सलग चार आठवडे" असं पाहिजे. आणि कागदावर घरातल्या दुसऱ्या एका माणसाची सही, ज्याला त्या दिवशी "वर चला" म्हणायचा हक्क आहे. बायकोची घेतलीत तर उत्तम. सासऱ्यांनी पैसे घातले असतील तर त्यांची नको, त्यांना विमान उतरलेलंच बघायचं असतं.

यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे इंधन. परत वर जायचं तर टाकीत तेल पाहिजे. विमान मुंबईला निघतं तेव्हा फक्त मुंबईपुरतं इंधन घेऊन निघत नाही. मुंबईला उतरता आलं नाही तर अहमदाबाद किंवा हैदराबादसारख्या दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि त्यावर आणखी थोडा वेळ हवेत राहण्याचं इंधन हिशोबात धरलेलं असतं. आपल्याकडे पाच लाखांचं भांडवल असलं की फर्निचरला दोन, मालाला तीन, संपलं. गाळा सोडताना भाडं द्यायला, पोऱ्याचा शेवटचा पगार द्यायला, होलसेलरला हात जोडून माल परत करायला पैसे लागतात. ते ठेवलेच नसतील तर निर्णय-उंचीचा कागद फ्रेम करून लावला तरी उपयोग नाही. माझ्याकडे ते नव्हते, म्हणून मी चौदा महिने ओढलं.

काही जण विचारतील, सिम्युलेटरवर एवढं कळतं तर धंद्याचाही सरावच करत बसावा का? इथं मी सावध करतो. सरावाचं यंत्र ज्यानं बनवलं त्याची गोष्ट आधी ऐका. एडविन लिंक नावाचा माणूस, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन गावात वडिलांचा ऑर्गन आणि पियानोचा कारखाना. विमान शिकायचं तर पैसा फार लागायचा. म्हणून या पठ्ठ्यानं ऑर्गनचेच भाते आणि हवेचे पंप वापरून १९२९ च्या सुमारास जमिनीवर डुलणारं छोटं विमान बनवलं. विकत घेणारे कोण? जत्रेतल्या खेळण्यांसारखं करमणुकीच्या बागांनी घेतलं. सैन्यानं ढुंकून पाहिलं नाही. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचं काम आलं आणि खराब हवेत, काट्यांवर उडता न आल्यामुळे काही आठवड्यांत डझनभर जण मेले. मग सैन्यानं लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून जास्त वैमानिक त्याच्या यंत्रावर शिकले. माल तोच, पाच वर्षं खेळणं होता आणि नंतर गरज झाला. ज्यांना आपला माल कुणी विचारत नाही असं वाटतं, त्यांनी लिंकबद्दल जरूर वाचा.

पण घरच्या खुर्चीवर जे शिकता येत नाही, तेही मोठं आहे. ढगात खऱ्या विमानात कानातला तोल फसतो. विमान सरळ असताना वळतंय असं वाटतं, आणि वळत असताना सरळ वाटतं. शरीर एक सांगतं, काटे दुसरं सांगतात, आणि शरीराचं न ऐकता काट्यांचं ऐकायला शिकावं लागतं. माझी खुर्ची हलत नाही, त्यामुळे मला ती परीक्षा कधीच द्यावी लागली नाही. शिवाय माझ्याकडे पॉजचं बटण आहे. परवा धावपट्टीपासून तीन मैलांवर असताना आमच्याकडची लाइट गेली, मी उठून पाणी प्यायलो, बाहेर ओट्यावर बसलो, लाइट आल्यावर परत पहिल्यापासून सुरू. एक्सेलमधला धंदाही असाच असतो. त्यात होलसेलरचा फोन येत नाही, उधारीवाला समोरून तोंड फिरवून जात नाही, चुलतभाऊ लग्नात "काय म्हणतंय नवं दुकान?" विचारत नाही. पद्धत शिकायला सराव करा, आकडे तोंडपाठ करा. छातीतली धडधड सोसायला मात्र खरंच दुकान लावावं लागतं, आणि ते आठवडी बाजारात चार फूट जागेवर लावलं तरी चालतं.

एका वडिलांनी विचारलंय, पोराला पायलट व्हायचंय, दीड लाखाचा सिम्युलेटर सेट घेऊन देऊ का? माझं मत, नका देऊ. घरच्या सिम्युलेटरचा एकही तास लायसन्सच्या नोंदवहीत धरत नाहीत. कमर्शियल लायसन्सला खऱ्या उड्डाणाचे २०० तास लागतात आणि तो खर्च लाखांत नाही, दशलाखांत आहे. आधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून क्लास-टू मेडिकल करून घ्या. त्यात नापास झाला तर सगळाच प्रश्न मिटतो. तोवर जुना कॉम्प्युटर, साधी जॉयस्टिक आणि फुकटचं सॉफ्टवेअर भरपूर झालं. दीड लाख ठेवा बाजूला. त्याच्याही टाकीत तेल लागणार आहे.

मागच्या बॅचमध्ये चहाची फ्रँचायझी घेणारा एक मुलगा होता. त्यानं कोरा कागद घेतला खरा, पण भरला नाही. म्हणाला, "सर, असं लिहिलं की मन खचतं." मी जास्त बोललो नाही. त्याला घरी नेलं, खुर्चीत बसवलं, ढग शंभर फुटांवर आणून ठेवले आणि म्हणालो, उतरव. तिन्ही वेळा त्यानं दोनशेच्या खाली जाऊन बघितलं, आणि तिन्ही वेळा कुर्ल्यात विमान घातलं. चौथ्यांदा दोनशेवर त्यानं स्वतःच थ्रॉटल पुढं ढकलला. विमान वर निघालं, ढगांच्या वर आलं, वर ऊन होतं.

गेल्या आठवड्यात त्यानं कागदाचा फोटो पाठवला. रक्कम ९०,०००, तारीख ३१ मार्च, खाली आईची सही. फ्रँचायझीवाल्यांशी डिपॉझिट परत मिळण्याच्या अटीवर तो अजून भांडतोय, आणि ती अट लेखी मिळाल्याशिवाय गाळ्याचा करार करणार नाही म्हणतोय.

तुमच्या कागदावर काय लिहिलं ते कमेंटमध्ये टाका. रक्कम नका लिहू, तारीख तेवढी लिहा. त्या तारखेला मी विचारणार आहे.